डिझेलच्या वहीतली नावं

आमच्या पाचूबंदरच्या कोळीवाड्यात कुणी कुणाला सहज भेटलं तरी निघताना एक वाक्य ठरलेलं असतं, "प्रार्थनेत आठवण ठेवा हं." चर्चच्या पायरीवर, मासळी बाजारात, रिक्षात बसता बसता. समोरचाही "हो हो, नक्की" म्हणतो. दोघांपैकी कुणीच खोटं बोलत नसतं. पण संध्याकाळी रोझरीला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, बसल्यावर त्यातलं कोण आठवतं? घरातले आठवतात, स्वतःची पाठदुखी आठवते, पोराच्या नोकरीचं आठवतं, आणि शेवटी उरलेल्या साऱ्या जगाला एकत्र गोळा करून "देवा, सर्वांचं भलं कर" म्हणत आपण क्रुसाची खूण करतो.

या वाक्यावर माझा राग नाही. फक्त त्यात कुणाचंच तोंड दिसत नाही. आणि ज्याचं तोंड दिसत नाही त्याच्यासाठी माणूस फार वेळ प्रार्थना करू शकत नाही, जांभई येते.

मी इथल्या एका मच्छीमार सोसायटीत कारकून आहे. डिझेलच्या खिडकीवर बसतो. वडील तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान, होते, पण मला बोट लागायची, म्हणून किनाऱ्यावर राहिलो. वसईचा किल्ला हाकेच्या अंतरावर, समोर खाडीचं तोंड, आणि सकाळपासून खिडकीपुढे कॅन घेऊन उभे असलेले लोक. फेरीला निघायच्या आधी डिझेल, बर्फ, पाणी, राशन, एवढी तयारी लागते. डिझेलची वही माझ्या ताब्यात. तारीख, बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक, तांडेलाचं नाव, लिटर, सही. सही करणाऱ्याचा हात बहुतेक वेळा ओला असतो, त्यामुळे वहीच्या उजव्या कडेची पानं पापडासारखी वर वळलेली असतात आणि सह्यांची शाई पसरलेली. ऑडिटवाले दरवर्षी यावरून बोलतात. त्यांना एकदा पहाटे इथे बसवलं पाहिजे.

तर तांडेलाचं नाव मला तसंही लिहायचंच असतं. ते लिहून होईपर्यंत मनात एवढंच म्हणतो, "प्रभू, याला आणि याच्याबरोबरच्यांना नीट परत आण." मग लिटर. मग सही. यापेक्षा जास्त लांबण लावली तर मागची रांग शिव्या घालते, आणि शिव्या कोळीवाड्यातल्या असतात.

ही माझी रोजची मध्यस्थी, म्हणजे दुसऱ्यांसाठीची प्रार्थना. वेगळी वेळ काढलेली नाही, वेगळी खोली नाही. लोक विचारतात की दुसऱ्यांसाठी रोज प्रार्थना करायची सवय कशी लावायची, तेव्हा मला हेच सांगावंसं वाटतं: नवीन वेळ शोधायला जाऊ नका. दिवसभरात तुम्ही ज्यांची नावं तसंही घेता, लिहिता, मोबाईलवर शोधता, तिथेच प्रार्थना बांधून टाका. शिक्षक असाल तर हजेरी आहे. नर्स असाल तर केसपेपर आहेत. दुकानदाराकडे उधारीची वही आहे, आणि उधारी न देणाऱ्यासाठी प्रार्थना करून बघा, तिचा कस लागतो.

ही युक्ती माझ्या डोक्यातून निघालेली नाही. बायबलमधल्या निर्गम पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात महायाजक अहरोनाच्या वस्त्रांचं वर्णन आहे. उरावर बांधायच्या पट्टीवर बारा रत्नं, आणि प्रत्येक रत्नावर इस्राएलच्या एकेका वंशाचं नाव कोरलेलं. पवित्रस्थानात जाताना त्याने ती नावं हृदयावर घेऊन जायची, नित्य. म्हणजे देवासमोर जाताना "लोक" असं मोघम न्यायचं नाही, नावं न्यायची. त्या अध्यायात सोन्याची कडी, निळ्या फिती, शिवण, सगळा तपशील इतका बारीक दिला आहे की वाचताना मला आमचा जाळं विणणारा आठवतो. इतका तपशील ज्याने मागितला त्याला नावंही नीट हवी असणार.

नाव घ्यायला लागलं की पुढची गोष्ट आपोआप होते. चौकशी करावीशी वाटते. एक तांडेल आहे, त्याचं नाव मी वर्षानुवर्षं लिहीत आलो होतो, पण घरी कोण आहे हे माहीत नव्हतं. नावाबरोबर प्रार्थना सुरू झाल्यावर एक दिवस खिडकीतून विचारलं, "घरी सगळं ठीक ना रे?" तर म्हणाला, बायकोचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून दोनदा, म्हणून हल्ली लांबची फेरी घेत नाही. लिटर कमी झालेले मला वहीत दिसत होते, मला वाटलं होतं की इंजिन बदललं असेल. त्या दिवसापासून प्रार्थनेत त्याच्या बायकोची भर पडली, आणि डायलिसिसच्या दिवशी त्याचा नंबर रांगेत पुढे घेतला जाऊ लागला. मागचे लोक ओरडले नाहीत. त्यांना आधीच माहीत होतं, मलाच नव्हतं.

आमची मोठी मावशी यातली खरी जाणकार. आयुष्यभर मासळी विकली, आता गुडघ्यांनी जायबंदी, वलांडीवर, म्हणजे मासळी वाळवायच्या बांबूंवर, बोंबील वाळत घातलेले असले की सावलीत बसून राखण करते. हातात रोझरी. रोझरीचे पाच दशक, म्हणजे दहा-दहा मण्यांचे पाच भाग, तिने पाच ठिकाणी वाटून दिलेत. पहिला बोटीवरच्यांसाठी. दुसरा घरातल्या आजाऱ्यांसाठी, आणि घर म्हणजे तिच्या हिशेबी अख्खी आळी. तिसरा दारू पिणाऱ्यांसाठी, ही यादी मोठी आहे. चौथा मेलेल्यांसाठी. पाचवा मात्र दिवसागणिक बदलतो. तिला विचारलं, "पाचवा कोणासाठी गं?" तर म्हणाली, "सकाळपासून ज्याची आठवण आली की पोटात कळ येते, त्याच्यासाठी." प्रत्येक मण्याला म्हणायच्या नमो मारियाला एक नाव. मणी ओढायच्या आधी ती ते पुटपुटते, ओठ हलताना दिसतात, ऐकू येत नाही. मधेच मांजर वलांडीकडे वळलं की चप्पल फेकते आणि त्याच मण्यावर परत येते.

तिच्याकडून मी एक गोष्ट शिकलो ती माझ्या चुलतभावाच्या बाबतीत. आमच्या दोघांच्या घरांमध्ये मासळी वाळवायच्या जागेवरून कोर्टात केस आहे. त्याच्यासाठी प्रार्थना करायला बसलो की माझी प्रार्थना म्हणजे वकिलाचं भाषण व्हायचं. देवा, त्याला सद्बुद्धी दे, त्याला कळू दे की सातबारा काय सांगतो, वगैरे. मावशीला सांगितलं तर ती हसली. "नाव घे आणि गप बस. देवाला सल्ले देऊ नको, त्याला दोन्ही बाजू माहीत आहेत." आता तेवढंच करतो. त्याचं नाव, मग थोडा वेळ काही नाही, मग पुढचं नाव. केस चालूच आहे. तारखेला जाताना शेअर रिक्षा एकच मिळाली तर तो पुढे बसतो, मी मागे, आणि परवा सुट्टे नव्हते तर माझे पैसे त्याने दिले. त्याचा अर्थ मी काही लावत नाही.

बायबलमध्ये सगळं गमावून बसलेल्या ईयोबाच्या पुस्तकाच्या शेवटी हेच आहे. अध्यायांमागून अध्याय जे मित्र त्याला "तुझंच काहीतरी चुकलं असणार" म्हणून टोचत होते, त्यांच्यासाठी प्रार्थना करायला देव ईयोबालाच सांगतो, आणि त्याने ती केल्यावर त्याचे दिवस पालटतात. हे मित्र आले तेव्हा सात दिवस काही न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसले होते. तोंड उघडलं तेव्हा बिघडलं.

आता थोडं मिस्सेविषयी, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेविषयी. रविवारच्या मिस्सेत प्रवचन आणि श्रद्धाप्रकटन झालं की विश्वासू जनांच्या प्रार्थना येतात आणि आपण सगळे "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक" म्हणतो. तोपर्यंत अर्ध्या लोकांचं लक्ष दानाच्या नोटेकडे गेलेलं असतं. ही प्रार्थना शतकानुशतकं मिस्सेतून गळून गेली होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात ती परत आणायला सांगितली, पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आधार देऊन: राजांसाठी, अधिकाऱ्यांसाठी, सर्व माणसांसाठी. तिचा क्रमही ठरलेला आहे. आधी ख्रिस्तसभा, मग राज्यकर्ते आणि जग, मग जे कोणत्याही ओझ्याखाली आहेत ते, आणि सगळ्यात शेवटी आपला स्थानिक समाज. घरची प्रार्थना बरोबर उलट्या क्रमाने चालते, आधी आपण आणि मग दमल्यावर जग. गुड फ्रायडेला तर दहा मोठ्या प्रार्थना होतात, त्यात यहुदी लोकांसाठी, ख्रिस्तावर विश्वास नसलेल्यांसाठी, देवावरच विश्वास नसलेल्यांसाठीही प्रार्थना आहे. लहानपणी गुडघे टेकून उठून गुडघे टेकून जीव जायचा. आता वाटतं, वर्षातून एकदा तरी कुणीतरी आपल्याला आळीच्या बाहेर काढतं, हे बरं.

आळीच्या बाहेरचं जग माझ्याकडे पेपरातून येतं. सोसायटीत पेपर येतो, तो दुपारी रांग संपल्यावर माझ्या वाट्याला. पेपर वाचून प्रार्थना करण्याचा गुरू म्हणजे संत तेरेसा, लिझ्यूची, जिला आपण बाळ येशूची तेरेसा म्हणतो. १८८७ साली पॅरिसमध्ये प्रान्झिनी नावाच्या माणसाने तिघींचे खून केले. त्याला पश्चात्तापाचा लवलेश नव्हता. चौदा वर्षांची तेरेसा त्याच्यासाठी प्रार्थना करत राहिली, बहिणीला सोबत घेतलं, मिस्सा अर्पण करायला लावली. घरात वडिलांनी पेपर वाचायला मनाई केली होती, तरी फाशीच्या दुसऱ्या दिवशी तिने तो उघडला. खरं तर फाशी नव्हे, गिलोटिन. त्यात आलं होतं की शेवटच्या क्षणी त्याने वळून धर्मगुरूच्या हातातला क्रूस घेतला आणि त्याचं चुंबन घेतलं, तीनदा. ती त्याला आपलं पहिलं बाळ म्हणायची. पुढे मठात गेली, चोविसाव्या वर्षी वारली, आणि १९२७ मध्ये तिला मिशन कार्याची आश्रयदात्री ठरवलं, जी मठातून कुठल्या मिशनवर कधी गेलीच नव्हती. बोट लागणाऱ्या माणसाला हे ऐकून धीर येतो.

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हाची गोष्ट. सतरा तारखेला वादळ आमच्या समोरून गुजरातकडे गेलं. बंदराला धोक्याचा बावटा लागलेला, बोटी आधीच खाडीत आणून बांधलेल्या, तरी दोर तुटतील की काय म्हणून पोरं रात्रभर जागी. वीज गेली ती लवकर आली नाही. मावशी टॉर्चच्या उजेडात पलंगावर बसून होती. आमच्या बोटी सुखरूप आहेत हे कळल्यावर मला वाटलं की ती झोपेल. पण तेवढ्यात कुणाच्या तरी फोनवर बातमी आली की मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राजवळ एक बार्ज, म्हणजे कामगारांना राहायचा मोठा तराफा, बुडाला. पी-३०५. त्यावर २६१ माणसं होती, आणि त्यांतले बरेच जण परतले नाहीत. मावशीला बार्ज म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. तिने विचारलं, "त्यांच्या तांडेलाचं नाव काय?" कुणाला माहीत नव्हतं. मग म्हणाली, "बरं, नावाशिवाय करू," आणि रोझरी पहिल्यापासून सुरू केली. पुढचे काही दिवस पेपरात नावं येत गेली तशी ती मला वाचायला लावायची. कुठले कुठले लोक होते, केरळपासून उत्तर प्रदेशपर्यंत. उच्चार चुकला की मला परत वाचायला लावी.

सगळ्याच प्रार्थना मनासारख्या फळत नाहीत, हे लपवण्यात अर्थ नाही. डायलिसिसवाल्या तांडेलाची बायको गेली. मी रोज नाव घेत होतो, मावशीच्या दुसऱ्या दशकात ती होती, चर्चमध्ये तिच्या नावाने मिस्सा झाल्या होत्या. ती गेल्यावर काही दिवस त्याचं नाव लिहिताना पेन अडखळायचं, कारण पुढचं वाक्य काय म्हणायचं ते कळेना. आम्हा कॅथलिकांना यात एक वाट आहे की मेलेल्यांसाठी प्रार्थना थांबत नाही. मावशीने तिला सरळ दुसऱ्या दशकातून चौथ्यात हलवलं, रेशन कार्डावर पत्ता बदलावा तसं. दोन नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, दफनभूमीत मेणबत्त्या लावायला गेलो तेव्हा तांडेल तिथे उभा होता. मला म्हणाला, "वहीत अजून घेता का नाव तिचं?" मी हो म्हटलं. तो बरं म्हणाला आणि वारा लागू नये म्हणून मेणबत्तीला आडोसा धरून बसला. याहून जास्त उत्तर त्या प्रश्नाचं माझ्याकडे नाही, आणि ज्यांच्याकडे पटकन असतं त्यांच्यापासून मी जरा लांबच राहतो.

आता एक तक्रार. व्हॉट्सॲपवर प्रार्थनेचे ग्रुप निघालेत, चांगल्या हेतूनेच. पण तिथे मेसेज पडतात ते असे: अमक्यांच्या मुलीसाठी प्रार्थना करा, नवऱ्याने घराबाहेर काढलं आहे. तासाभरात हात जोडलेल्या चित्रांची रांग लागते, आणि संध्याकाळपर्यंत बाजारातल्या प्रत्येक टोपलीमागे तोच विषय. त्या मुलीला कुणी विचारलं होतं का? माझं म्हणणं साधं आहे. ज्याच्यासाठी चारचौघांत प्रार्थना मागायची, त्याला आधी विचारा. विचारता येत नसेल तर एकट्याने करा. देवाला तपशील लागत नाही, आणि शेजाऱ्यांना लागतो तो प्रार्थनेसाठी नव्हे. म्हणूनच मी इथेही कुणाचं नाव लिहिलेलं नाही.

मात्र विचारलं की लोक नाही म्हणत नाहीत, हा माझा अनुभव. आमच्या सोसायटीत ख्रिस्ती कोळी आहेत तसे हिंदू कोळीही आहेत. एका बोटीवर वेलंकणी माता, शेजारच्या बोटीवर एकवीरा आई. मी नावागणिक पुटपुटतो हे आमच्या हिशेबनिसांनी कधीतरी टिपलं. ते कार्ल्याला न चुकता जाणारे. एक दिवस हळूच म्हणाले, "दादा, आमच्या मुलीची बारावी आहे. तुमच्या त्या यादीत बसेल का?" बसली. तिने पुढे काय दिवे लावले ते त्यांनी सांगावं, पण रिझल्टच्या दिवशी पेढा पहिल्यांदा माझ्या टेबलावर आला.

बायबलमधल्या कफर्णहूमच्या त्या पक्षाघाती माणसाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, चौघांनी छप्पर उघडून त्याला येशूपुढे खाली सोडलं ती. मार्क लिहितो की येशूने त्यांचा विश्वास पाहिला. खाटेवरच्याचा विश्वास किती होता, होता की नव्हता, ते लिहिलेलंच नाही. आणि ते चौघे एकमेकांशी बोलल्याशिवाय छपरावर चढले नसणार, दोर कुणी आणायचा, कोपरा कुणी धरायचा. घरमालकाचं काय झालं, हे मला नेहमी विचारावंसं वाटतं. कौलं कुणी बसवून दिली?

माझ्या वहीची एक अडचण होती. तिच्यात फक्त तांडेल असतो. खलाशी नसतात, त्यांचा हिशेब वेगळ्या कागदांवर. आणि हल्ली खलाशी आपल्या गावचे कुठे राहिलेत? कुणी तलासरीकडचा, कुणी उत्तर प्रदेशचा, कुणी झारखंडचा. ज्यांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो बोटीवर चढतानाच. "याच्याबरोबरच्यांना" या एका शब्दात ते सगळे कोंबलेले होते, आणि सर्वांचं भलं कर यापेक्षा ते फार वेगळं नव्हतं. मग कॅन उचलायला जो खलाशी येईल त्याला नाव विचारायला लागलो आणि समासात पेन्सिलीने लिहायला लागलो. पेन्सिलीने, ऑडिटसाठी.

एक झारखंडचा पोरगा सुरुवातीला घाबरला, त्याला वाटलं डिझेल सांडल्याचे पैसे कापणार. "नाम क्यों लिख रहे हो, बाबूजी?" मी कारण सांगितलं. तो जरा वेळ कॅनवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला की मग घरच्यांचंही लिहा. मी म्हटलं सावकाश सांग, रांग आहे.

जून-जुलैत मासेमारीला बंदी असते, एक जूनपासून एकतीस जुलैपर्यंत. बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या, खिडकी बंद, खलाशी आपापल्या गावी. या दिवसांत समोर नवीन नाव येत नाही, म्हणून मी जुनी पानं उलटतो आणि समासातली पेन्सिल वाचत जातो. काही पुसट झालेली असतात. गेल्या जुलैत त्याच पोराचा फोन आला. भाताची लावणी चालू होती, मागे बायकांचा आवाज, पावसाचा आवाज. बोट कधी सुटणार, त्याची जागा आहे ना, हे विचारायला केला होता. बोलता बोलता मी म्हटलं, तुझ्या आईचं नाव त्या दिवशी राहिलंच, सांग आता. तर हसायला लागला. आईला नावाने कोण हाक मारतं, सगळे माईच म्हणतात. "माई ही लिख दीजिए." मी म्हटलं, अरे, माई तर लाखो असतील. तो म्हणाला, तुम्ही लिहा तर खरं, कोणती माई ते तो बघून घेईल.